दोन इंचांचं प्रकरण

आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात यंदा पोर्तुगीज अधिकाऱ्याचं काम करणारा मुलगा पाच फूट दोन इंच उंचीचा आहे. सगळं तिथून सुरू झालं.

नाटक गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध झालेल्या कुष्टोबा राण्यांच्या बंडावरचं, म्हणजे १८६९ ते १८७१ चा काळ. संहिता गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी लिहिली आहे. शेवटच्या अंकात अधिकारी गोड बोलत बोलत कोटात हात घालतो आणि एकदम रिव्हॉल्व्हर बाहेर काढतो. कागदावर हे दोन ओळींचं काम. तालमीत पोराने हात घातला, रिव्हॉल्व्हर ओढलं, नळीचं टोक अस्तरात अडकलं आणि कोटाचं अस्तर टर्रकन फाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कुष्टोबाचं काम करणाऱ्याने तेवढ्या वेळात खिशातून विडी काढून ओढण्याचा अभिनय करून दाखवला, आणि दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "भाई, ही नळी दोन इंच कमी कर."

वाळपईत माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. नाटकाची प्रॉपर्टी गेली वीस वर्षं मीच बघतो. मी लगेच हो म्हटलं. व्हाइस आहे, हॅक्सॉ आहे, दोन इंच म्हणजे काय मोठं काम?

रिव्हॉल्व्हर बाबांनी केलेलं होतं. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर. १९९४ साली अशाच एका उत्सवी नाटकासाठी त्यांनी पुस्तकातल्या फोटोंवरून आणि मापांवरून १८५१ च्या कोल्ट नेव्ही या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती बनवली. नळी ॲल्युमिनियमच्या भरीव गजाची, आरपार भोक नाहीच. सिलिंडरच्या सहा कोठड्या म्हणजे तोंडाशी पाच-पाच मिलिमीटरचे खळगे. चौकट पितळेची, गावातल्या तांबटाकडून ओतून घेतलेली. खऱ्या कोल्टची चौकट लोखंडी असते. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धात जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिलला याच बंदुकीची नक्कल पितळी चौकटीत झाली, कारण दक्षिणेकडे लोखंडाची टंचाई होती. बाबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचं कारण साधं होतं, तांबट ओळखीचा होता.

खऱ्या कोल्ट नेव्हीच्या सिलिंडरवर आरमारी लढाईचं चित्र कोरलेलं असतं, १८४३ साली टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी केलेल्या लढाईचं. 'नेव्ही' हे नाव त्या चित्रामुळे चिकटलं असं म्हणतात. बाबांना फोटोत ते चित्र धड दिसलं नसावं. त्यांनी पणजीसमोरच्या बेतीची फेरीबोट कोरली आहे. फळी खाली टेकवलेली, वर दोन माणसं आणि एक सायकल. रसिकांपैकी हे आजवर एकाने ओळखलेलं नाही.

आता काळाचं विचाराल तर कोल्टच्या कारखान्यातून हे मॉडेल १८५० ते १८७३ इतकी वर्षं निघत राहिलं, दोन लाखांवर नग. मधली काही वर्षं लंडनमध्येही त्यांचा कारखाना होता. तेव्हा कुष्टोबाच्या नाटकात ते चालून जातं. नाटकात याहून मोठ्या गोष्टी चालून जातात.

कापण्याआधी मी एक शहाणपणा केला, तेवढाच. पोलीस ठाण्यात गेलो. आमच्या सत्तरी तालुक्यात शेतात रानडुक्कर येतात म्हणून परवान्याच्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत, आणि निवडणूक लागली की त्या सगळ्या ठाण्यात जमा होतात. त्यामुळे तिथल्या लोकांना बंदुका नव्या नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ६: परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही, आणि नकली हत्याराचं खऱ्यात रूपांतरही करता येत नाही. हवालदारांनी आमची वस्तू उलटसुलट केली, नळीच्या तोंडात उदबत्तीची काडी घालून बघितली. काडी अर्धा इंच जाऊन टेकली.

"ही भरीव आहे."

"होय साहेब. बाबांनीच तशी केली होती."

"मग काप नाही तर वाकव. पण फोटो लावून अर्ज देऊन जा, जत्रेत रात्री कोणी हे घेऊन बाजारात फिरला तर मला फोन येणार."

अर्ज दिला. पोच घेतली. घरी आलो, व्हाइसच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे लावले, नळी बांधली आणि टोकापासून पन्नास मिलिमीटरवर खूण केली. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबान केल्लें तूं कापता?" मी म्हटलं, दोन इंच गं. ती आत गेली.

ॲल्युमिनियम कापायला तीन मिनिटं लागतात. तुकडा खाली पडला आणि मी तो उचलून बघितला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे उशीराच पडला. त्या पन्नास मिलिमीटरच्या तुकड्यावर वर नेम धरायची माशी होती, आणि खाली तो छोटा खुंटा होता ज्यात ठासायच्या दांडीचं टोक अडकतं.

ही दांडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नसतं. प्रत्येक कोठडीत समोरून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालची दांडी खाली ओढून ती गोळी आत ठासायची. मग मागच्या बाजूने निपलवर, म्हणजे बारीक बोंडावर, ठिणगी देणारी टोपी बसवायची. आपल्या ठासणीच्या बंदुकीचंच काम, फक्त गजाऐवजी तरफ आणि एकाऐवजी सहा घरं. काम झालं की दांडी नळीला समांतर वर जाते आणि तिचं टोक तोंडाजवळच्या खुंट्यात टिचकन बसतं. नळी दोन इंच कमी केली की दांडी तोंडाच्या पुढे लोंबते आणि तिला अडकायला खुंटाच राहत नाही.

मला वाटलं, रंगमंचावर कोणाला दिसतंय? संध्याकाळी तसंच तालमीला नेलं. कोटातून रिव्हॉल्व्हर सुरेख बाहेर आलं. पोराने हात ताणून कुष्टोबावर रोखलं, आणि दांडी खळ्ळकन खाली पडून लोंबकळायला लागली. कुष्टोबा मरायच्या ऐवजी हसत बसला.

यात एक समाधान मात्र होतं. कोल्टचं स्वतःचंही हेच झालं होतं. १८४७ च्या वॉकर मॉडेलला, ते नऊ इंची नळीचं दोन किलोंचं धूड, दांडी धरून ठेवणारी पकड कमकुवत होती. बार उडाला की धक्क्याने दांडी खाली यायची आणि सिलिंडर अडायचा. पुढच्याच ड्रॅगून मॉडेलला त्यांनी टोकाशी पकड दिली. म्हणजे बाबांच्या नळीवर जो खुंटा होता तो असाच कोणाच्या तरी फजितीतून आलेला, आणि मी तो कापून हातात घेऊन उभा.

मग ठरवलं, आहे तेच ठिगळत बसायचं नाही. कोल्टच्या रचनेची गंमत अशी की तिला वरची पट्टी नाही. चौकटीतून एक जाड आस पुढे येते, तिच्यावर सिलिंडर फिरतो, आणि नळी तिच्या खालच्या ठोकळ्यासकट त्या आसेवर समोरून सरकवतात. खाली दोन बारीक पिना नळी इकडेतिकडे फिरू देत नाहीत. ठोकळा आणि आस यांतून आडवी एक पाचर जाते. झालं. एक पाचर ठोकून काढली की रिव्हॉल्व्हरचे तीन भाग टेबलावर. त्याच काळातल्या रेमिंग्टनची गोष्ट वेगळी, तिथे चौकट वरूनही बंद आणि नळी आट्यांनी आत घट्ट बसवलेली. ती बदलायची तर वर्कशॉपच गाठावं लागतं. इटलीत ब्रेशाजवळ त्रोंपिया खोऱ्यातल्या गार्दोने गावात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा बंदुकांच्या चालत्या प्रतिकृती बनतात, आणि तिकडचे हौशी लोक कोल्टच्या एकाच चौकटीला साडेसात इंची आणि साडेपाच इंची अशा दोन नळ्या ठेवतात, ते या पाचरीच्या जोरावर. मग आपणही पोरासाठी आखूड नळी वेगळी करू, आणि बाबांची परत जोडून ठेवू.

आखूड नळीसाठी वीस मिलिमीटरचा गोल गज आणला. त्याला आठ बाजू द्यायच्या. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर अठरा ठेवायचं तर प्रत्येक बाजूची रुंदी साडेसात मिलिमीटरला जरा कमी येते, अठराला ०.४१४ ने गुणायचं. आधी चार बाजू घासून चौकोन केला, मग चार कोपरे. हे वाचायला सोपं आहे. कानस हाताने चालवली की ती मध्ये उंच आणि टोकांना उतरती घासते, हाताचा झोलच तसा. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून नळीच त्यावर घासली, तेव्हा कुठे बाजू सरळ झाल्या. दुकानात रिवाइंडिंगला आलेल्या दोन पंपांचे मालक रोज येऊन माझ्याकडे बघून जायचे.

खालचा ठोकळा पंचवीस मिलिमीटर जाडीच्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा. आसेसाठी भोक, पिनांसाठी दोन भोकं, पाचरीसाठी आडवी झिरी. इथे मी दुसऱ्यांदा फसलो. आसेचं भोक दोन मिलिमीटर जास्त खोल गेलं. वाटलं, खोल आहे तर आहे. पण भोकाच्या तळाला आस टेकलीच पाहिजे. टेकली नाही तर पाचर निमुळती असल्यामुळे जितकी ठोकाल तितकी नळी मागे येते, आणि शेवटी सिलिंडरच्या तोंडाला घासून त्याला जाम करते. हळू ठोकली तर नळी डुगडुगते. इटालियन प्रतिकृती वापरणाऱ्यांचीही ही जुनी तक्रार आहे, आस आखूड पडते ही. भोकात दोन मिलिमीटरची पितळेची चकती टाकली आणि प्रश्न मिटला. पाचर अंगठ्याने दाबून बसते, वरून लाकडी हातोडीचा एक टोला.

या नव्या नळीसाठी दांडीही वेगळी, आखूड केली. खुंटा मागे घेतला, माशी पितळेची लावली. कोल्टला मागची खाच घोड्यातच असते, घोडा ओढला की ती दिसते. नळी आखूड झाली की खाच आणि माशी यांत अंतर कमी, म्हणून खऱ्या बंदुकीत नेमाची बारीक चूकही लांबवर मोठी होते. कोल्टच्या कारखान्याने नेव्हीची नळी साडेसात इंचीच ठेवली. आखूड हवी त्याला १८६० नंतर लहान चौकटीचं खिशातलं मॉडेल होतं, साडेचार, साडेपाच आणि साडेसहा इंची. आमच्या पोराला तीन फुटांवरच्या कुष्टोबावर रोखायचं होतं. माशी नसती तरी चाललं असतं, पण ती लावल्याशिवाय मला झोप येईना.

आता बाबांची नळी.

कापलेले दोन तुकडे जोडायचे तर मध्ये आटे पाडायचे असं ठरवलं. भरीव गज असल्याने ते शक्य होतं. होंडाच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक मित्र लेथवर बसतो. (होंडा म्हणजे सत्तरीतलं गाव, गाडी नव्हे. बाहेरच्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं.) तीन जबड्यांच्या चकमध्ये अष्टकोन बसत नाही, म्हणून त्याने चार जबड्यांचा चक चढवला. दोन्ही तोंडं काटकोनात घेतली, ६.८ चं ड्रिल मारलं आणि आठ एमएमचे आटे पाडले. मी आठ एमएमच्या स्टडचा तुकडा एका बाजूला घट्ट बसवला, दुसरा भाग फिरवत आणला आणि तोंडाला तोंड टेकलं.

माशी वर यायच्या ऐवजी डावीकडे बघत होती.

साहजिकच आहे. आटा जिथे थांबतो तिथे थांबतो, त्याला माशी कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. अष्टकोनाच्या बाजू जुळल्या होत्या, तेही नशिबाने, पण पाव फेरा कमी पडत होता. रेमिंग्टनची नळी बदलणाऱ्यांना हे दुखणं नेहमीचं. मित्र हिशोब करून म्हणाला, "आठच्या आट्याचं एक फेऱ्याला सव्वा मिलिमीटर. पाव फेरा म्हणजे ०.३१. ठेव इथे, उद्या फेसिंग करून देतो. आज जॉब भरपूर आहे."

उद्यापर्यंत थांबलो असतो तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. रात्री घरी काचेवर पॉलिश पेपर ठेवून मी तोंड घासायला बसलो. दहा घासे, फिरवून बघ. दहा घासे, फिरवून बघ. माशी हळूहळू वर यायला लागली, जणू घड्याळाचा काटा. अगदी जवळ आली तेव्हा मी दहाऐवजी पंधरा घासे मारले. आता माशी उजवीकडे कलली. व्हर्नियरने बघितलं, ०.४ गेलं होतं.

ॲल्युमिनियम परत लावता येत नाही. फ्रीजमधला कोल्ड्रिंकचा कॅन रिकामा केला, त्याचा पत्रा मोजला तर दहावा हिस्सा मिलिमीटरच्या आसपास. कात्रीने त्याची बांगडी कापली, मध्ये भोक, स्टडवर चढवली. आवळलं. माशी सरळ वर. सांध्यावर नखाने चाचपलं तर लागतं, डोळ्यांना एक बारीक चंदेरी रेघ दिसते. एमरी मारून काळा रंग दिला की तीही जाते. मी दिला नाही.

पण हिशोब अजून बाकी होता. बाबांनी नळी बरोबर १९०.५ मिलिमीटर ठेवली होती, साडेसात इंच. हॅक्सॉच्या पात्याने जवळजवळ एक मिलिमीटर खाल्लं, लेथवर तोंडं घेताना अर्ध्याच्या आत गेलं, माझ्या पॉलिश पेपराने ०.४, आणि कॅनने परत दिलं ०.१. आता ती १८८.९ आहे. खुंटा १.६ मिलिमीटर मागे आला. दांडी वर नेली की टोक खुंट्याच्या पुढे जातं, टिचकत नाही. दांडी घासून आखूड करता येईल. पण ती बाबांची आहे आणि तिचं माप बरोबर आहे.

जत्रेच्या रात्री नाटक पहाटे तीनला त्या प्रसंगापर्यंत आलं. पोराने कोटात हात घातला, आखूड नळी विनासायास बाहेर आली, दांडी जागच्या जागी. बार उडाल्याचा आवाज आम्ही विंगेत जाड फळी आपटून काढतो, फटाक्याला देवळाच्या आवारात परवानगी नाही. फळीवाला रात्रभर जागून पेंगला होता. त्याला कोटात हात गेलेला दिसला आणि त्याने तेवढ्यावरच फळी आपटली. रिव्हॉल्व्हर बाहेर येण्याआधीच बार झाला. कुष्टोबा शहाणा, तो लगेच पडला. पोर हातात रिव्हॉल्व्हर घेऊन पडलेल्या माणसावर रोखून उभा. पडदा.

आखूड नळी मंडळाच्या ट्रंकेत आहे, कुलूप लावून, अर्जाच्या पोचेसकट. चौकट मी घरी आणून बाबांची नळी परत चढवली आणि कपाटात ठेवली. परवा बघितलं तर लोंबणारी दांडी कोणीतरी नळीला काळ्या दोऱ्याने बांधून ठेवली होती, सात वेढे आणि गाठ. आईला विचारलं नाही.